हार्ड डिस्कमधली झाकलेली जागा: ऑपरेटिंग सिस्टीमने काय करावं आणि तुम्ही काय करावं

लिनक्स सुरू होताना 'एचपीए डिटेक्टेड: करंट ९७६७७१०५५, नेटिव्ह ९७६७७३१६८' अशी एखादी ओळ सरकून गेली, तर तिचा अर्थ एवढाच की डिस्कच्या शेवटी एचपीए नावाची झाकलेली जागा आहे आणि तुमची ५०० जीबीची डिस्क स्वतःचा आकार खऱ्यापेक्षा २११३ सेक्टरने कमी सांगते आहे. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे जेमतेम एक एमबी. जागा म्हणून ही किरकोळ आहे, पण ती डिस्कच्या अगदी शेवटची असते, आणि शेवटच्या एमबीत बरंच काही राहतं: जीपीटी पार्टिशन तक्त्याची राखीव प्रत, काही प्रकारच्या रेडची (अनेक डिस्क जोडून एक म्हणून वापरायच्या सोयीची) ओळखपत्रं, विंडोजच्या एनटीएफएसच्या बूट सेक्टरची प्रत. म्हणून ही ओळ दिसली की आधी समजून घ्यावं, मगच हात लावावा.

लेखातल्या कमांड वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर जिथे लागतं तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी अक्षरं लहान. उदाहरणांत डिस्कचं नाव /डेव्ह/एसडीबी धरलं आहे. तुमच्याकडे ते वेगळं असेल आणि ते चुकलं तर दुसऱ्याच डिस्कवर काम होईल, तेव्हा प्रत्येक वेळी 'एलएसबीएलके' चालवून आकार, मॉडेल बघूनच पुढे जा.

जागा कमी दिसते म्हणजे ती लपवलेलीच आहे असं नाही

निम्म्या शंका इथेच मिटतात. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, १ टीबीची ९३१ जीबी. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. यात लपवाछपवी काही नाही.

ईएफआय पार्टिशन, विंडोजचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन, लॅपटॉप कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन हीसुद्धा आपल्या विषयातली नव्हेत. ती फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नसली तरी पार्टिशन तक्त्यात नोंदलेली असतात आणि कुठलंही पार्टिशन साधन ती दाखवतं. आपण बोलतोय ती जागा तक्त्याच्याही बाहेरची आहे. डिस्कच 'मी इथे संपते' असं सांगते, त्यामुळे त्यापलीकडे काही आहे हे ऑपरेटिंग सिस्टीमला कळतच नाही.

तिसरा संशयित म्हणजे यूएसबीचा डबा. काही डबे शेवटचे थोडे सेक्टर स्वतःच्या नोंदींसाठी ठेवून घेतात. डिस्क डब्यातून काढून सरळ साटा पोर्टला लावली की आकडा पूर्ण होतो. तपासणी शक्यतो अशीच करावी.

खरा आकडा किती असायला हवा हे कागदावर काढता येतं. ५० जीबीच्या पुढच्या बहुतेक सर्व साटा डिस्क एका ठरलेल्या सूत्राने बनतात:

सेक्टर = ९७६९६३६८ + १९५३५०४ × (जीबी − ५०)

५०० जीबीला हे ९७६७७३१६८ येतं, १ टीबीला १९५३५२५१६८, ४ टीबीला ७८१४०३७१६८. ८ टीबीच्या पुढे हिशेब वेगळा आहे. ४०९६ बाइटचे सेक्टर थेट दाखवणाऱ्या डिस्कवर उत्तराला ८ ने भागा. तुमची डिस्क किती सांगते ते बघायला:

सुडो ब्लॉकडेव्ह --गेटएसझेड /डेव्ह/एसडीबी

ही कमांड नेहमी ५१२ बाइटच्या हिशेबातच आकडा देते, म्हणून ८ ने न भागता सूत्राशी थेट ताडून बघता येतो. जुळला तर शंका बहुधा संपली. लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन जुनी डिस्क घेणाऱ्यांनी हा अर्ध्या मिनिटाचा हिशेब करावाच. स्मार्टचे, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचे, आकडे सगळे बघतात, हा कोणी बघत नाही.

दोन कुलुपं: एचपीए आणि डीसीओ

होस्ट प्रोटेक्टेड एरिया, म्हणजे एचपीए, एटीए-४ या प्रमाणात १९९८ साली आली. कल्पना साधी होती. डिस्कच्या शेवटी रिकव्हरीची साधनं ठेवायची आणि ऑपरेटिंग सिस्टीमला तो भाग दाखवायचाच नाही, म्हणजे ग्राहकाने सगळी डिस्क फॉरमॅट केली तरी ती वाचतात. आयबीएमच्या २००३ च्या सुमाराच्या थिंकपॅडमध्ये याच जागेत रिकव्हरी असायची. बायोसमध्ये 'प्रीडेस्कटॉप एरिया' नावाची नोंद असे आणि तिला नॉर्मल, सिक्युअर, डिसेबल्ड असे तीन पर्याय असत.

यात डिस्कशी होणारे तीन संवाद महत्त्वाचे. 'आयडेंटिफाय' विचारलं की डिस्क सध्याचा, म्हणजे कमी केलेला आकार सांगते. 'रीड नेटिव्ह मॅक्स' विचारलं की पूर्ण आकार सांगते. 'सेट मॅक्स' म्हटलं की हद्द हलते. दोन उत्तरांत फरक पडला की एचपीए आहे.

'सेट मॅक्स'मध्ये एक छोटा बिट असतो. तो शून्य असेल तर बदल तात्पुरता, वीज गेली की हद्द पूर्ववत. तो एक असेल तर बदल कायमचा. हा फरक पक्का लक्षात ठेवा, पुढचा जवळपास प्रत्येक सल्ला त्यावर उभा आहे.

डीसीओ, म्हणजे डिव्हाइस कॉन्फिगरेशन ओव्हरले, एटीए-६ मध्ये आला आणि तो एचपीएच्या खालच्या थरात बसतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या थोड्या कमी-जास्त आकाराच्या डिस्क संगणक विक्रेत्याला एकसारख्या दाखवता याव्यात म्हणून तो केला. आकाराबरोबर काही सुविधाही तो बंद करू शकतो. डीसीओ लावलेला असेल तर 'रीड नेटिव्ह मॅक्स'सुद्धा कापलेलाच आकडा देतं. म्हणजे एचपीए नाही असं निष्पन्न झालं, तरी सूत्राचा आकडा जुळत नसेल तर शंका डीसीओवर जाते.

एसीएस-३ प्रमाणाने ही दोन्ही कालबाह्य ठरवून त्यांच्या जागी 'ॲक्सेसिबल मॅक्स ॲड्रेस' हा एकच प्रकार आणला. नव्या डिस्कवर हाच दिसेल. एनव्हीएमई एसएसडीत यातलं काहीच नसतं. तिथे नेमस्पेसचा आकार आणि न वाटलेली क्षमता बघायची असते, तो वेगळा विषय.

तपासणी

१. कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय म्हणतं ते बघा (डीमेसेज रोमनमध्ये dmesg असं लिहायचं):

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय एचपीए

काहीच आलं नाही तर बरं. 'एचपीए डिटेक्टेड' आलं तर दोन्ही आकडे लिहून ठेवा. 'एचपीए अनलॉक्ड' आलं तर कर्नेलने ती आधीच तात्पुरती उघडली आहे. 'डिव्हाइस अबॉर्टेड रिसाइझ' आलं तर उघडायला गेलं, पण डिस्कने नकार दिला.

२. डिस्कला थेट विचारा. इथला एन कॅपिटल आहे. लहान एन दिलात तर भलतंच सेटिंग हलेल:

सुडो एचडीपार्म -एन /डेव्ह/एसडीबी

उत्तर 'मॅक्स सेक्टर्स = ९७६७७१०५५/९७६७७३१६८, एचपीए इज एनेबल्ड' अशा थाटाचं येतं. पहिला आकडा सध्याचा, दुसरा मूळ. दोन्ही सारखे आणि शेवटी 'डिसेबल्ड' असेल तर एचपीए नाही. नव्या डिस्कवर एचपीएऐवजी 'ॲक्सेसिबल मॅक्स ॲड्रेस डिसेबल्ड' असं दिसेल, अर्थ तोच.

कधीकधी दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान किंवा अवाच्या सवा मोठा येतो आणि पुढे 'एचपीए सेटिंग सीम्स इनव्हॅलिड' असं लिहिलेलं असतं. हे बहुधा यूएसबी डब्याने किंवा कंट्रोलरने उत्तर मधेच बिघडवल्याचं लक्षण. असल्या आकड्यावर विसंबून काहीही लिहू नका. डिस्क साटा पोर्टला लावून पुन्हा विचारा.

३. आता डीसीओ:

सुडो एचडीपार्म --डीसीओ-आयडेंटिफाय /डेव्ह/एसडीबी

यातला 'रिअल मॅक्स सेक्टर्स' हा आकडा कारखान्यातला. तो आणि मागच्या पायरीतला मूळ आकडा एकच असेल तर डीसीओने काही कापलेलं नाही. कमांड चूक झाल्याचा संदेश देऊन परतली तर डिस्कला डीसीओ येत नाही किंवा बायोसने तो गोठवला आहे, म्हणजे त्याच्या कमांडना बंदी घातली आहे.

इथे नवखे एका ठिकाणी हमखास फसतात. 'एचडीपार्म -आय', यातला आय कॅपिटल, डिस्कच्या सुविधांची लांबलचक यादी देतो. त्यात 'होस्ट प्रोटेक्टेड एरिया फीचर सेट' या ओळीपुढे फुली दिसते आणि लोक घाबरतात. ती फुली फक्त 'ही सुविधा या डिस्कमध्ये आहे' एवढंच सांगते. जागा झाकली आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही.

फ्रीबीएसडीवर हेच काम 'कॅमकंट्रोल एचपीए' करतं. विंडोज या भानगडीत पडत नाही, डिस्क सांगेल तो आकार खरा मानतं. म्हणून विंडोजच्या मशिनवरही तपासणीसाठी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्हच सोयीचा.

ऑपरेटिंग सिस्टीमने काय करावं

इथे दोन टोकांची मतं आहेत आणि दोन्ही वापरून बघून झाली आहेत. लिनक्सचा जुना आयडीई ड्रायव्हर एचपीए दिसली की बेलाशक उघडायचा. पुढे आलेल्या लिबाटा या ड्रायव्हरने उलट भूमिका घेतली: बायोसने आखलेली हद्द पाळायची, उघडायची असेल तर वापरकर्त्याने 'लिबाटा.इग्नोर_एचपीए=१' असं सांगावं. यातून झालं असं की जुन्या ड्रायव्हरखाली पूर्ण डिस्कभर केलेलं पार्टिशन नव्या ड्रायव्हरखाली डिस्कच्या बाहेर लोंबायला लागलं आणि चालत्या मशिन बूट होईनात.

मग सरसकट उघडावी का? तेही नाही. मदरबोर्डवरचं बायोस-रेड आपली ओळख डिस्कच्या शेवटाला लिहितं. इंटेलच्या पद्धतीत ती शेवटून दुसऱ्या सेक्टरला असते. बायोसच्या नजरेत 'शेवट' म्हणजे एचपीएच्या अलीकडचा शेवट. कर्नेलने हद्द पुढे सरकवली की लिनक्स नव्या शेवटाला ओळख शोधतं, तिथे ती सापडत नाही, आणि रेडचे दोन्ही भाग सुट्या डिस्क म्हणून समोर येतात. त्यातल्या एकीवर काही लिहिलं गेलं की आरशाच्या दोन प्रतींत फरक पडला.

म्हणून बरी वागणूक आमच्या मते अशी. हद्द पाळायची, पण गप्प बसायचं नाही, दोन्ही आकडे ठळक छापायचे. पार्टिशन तक्ता हद्दीच्या पलीकडे जात असेल तर तो भाग पूर्वी वापरात होता याचा तो पुरावाच आहे, तेव्हा उघडायची. उघडायची तीही तात्पुरत्या बिटाने. कायमचा बदल हा माणसाने, नाव घेऊन, हाताने करायचा. आजचं लिनक्स जवळपास असंच वागतं. २०१० मधल्या बदलांनंतर 'एक्स्टेंड्स बियाँड ईओडी, एनेबलिंग नेटिव्ह कपॅसिटी' अशी ओळ छापून कर्नेल स्वतःच हद्द सरकवतं, आणि डिस्कवर कायमचं काही लिहीत नाही.

यात एक भोक राहतं आणि ते माहीत असलेलं बरं. पार्टिशन न करता अख्खी डिस्क रेडला दिली असेल तर तक्ताच नसतो, पुरावा नसतो, आणि कर्नेल काही करत नाही. होम सर्व्हर बांधणाऱ्यांचं नुकसान नेमकं इथे होतं.

स्लीपमधून जागं होताना आणखी एक तिढा पडतो. झोपेत डिस्कची वीज जाते, तात्पुरती उघडलेली हद्द पुन्हा आक्रसते, आणि कर्नेलच्या लेखी डिस्कचा आकार अचानक बदलतो. लिबाटा हे ओळखून हद्द पुन्हा सरकवायचा प्रयत्न करतं. बायोसने दरम्यान डिस्क गोठवली असेल तर तो प्रयत्न फसतो, 'एन_सेक्टर्स मिसमॅच' छापलं जातं आणि चालू डिस्क हातातून जाते. असं एकदा जरी दिसलं तरी तात्पुरत्या उघडण्यावर ते मशिन चालवू नका. डेटाची प्रत घ्या आणि एचपीए कायमची काढा.

आत काय आहे ते आधी वाचून ठेवा

काढण्याआधी झाकलेल्या भागाची प्रत घ्यावी. लॅपटॉपची रिकव्हरी असेल तर ती पुन्हा मिळणार नाही.

लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा. ग्रबचा मेनू आला की 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'लिबाटा.इग्नोर_एचपीए=१' लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो. आत गेल्यावर डीमेसेजमध्ये 'एचपीए अनलॉक्ड' दिसायला हवं आणि ब्लॉकडेव्हने पूर्ण आकडा द्यायला हवा. कुठलंही पार्टिशन माउंट करू नका. मग फक्त शेवटचा भाग उचला:

सुडो डीडी इफ=/डेव्ह/एसडीबी ऑफ=एचपीए.बिन बीएस=५१२ स्किप=९७६७७१०५५ काउंट=२११३

'स्किप'मध्ये सध्याचा आकडा, 'काउंट'मध्ये दोन आकड्यांतला फरक. डीडीत 'इफ' म्हणजे कुठून आणि 'ऑफ' म्हणजे कुठे. ही अदलाबदल झाली तर डिस्कच पुसली जाईल, म्हणून एंटर दाबायच्या आधी ओळ पुन्हा वाचा. फाइल १०,८१,८५६ बाइटची झाली पाहिजे. 'एक्सएक्सडी' लावून आत डोकवा: सगळी शून्यं असतील तर भाग रिकामा आहे, वाचण्याजोगी बायोसची अक्षरं दिसली तर मदरबोर्डने आपली प्रत ठेवली आहे.

२११३ हा आकडा उगाच घेतलेला नाही. २००७-१० च्या सुमारच्या काही मदरबोर्डचं बायोस, न विचारता, पहिल्या डिस्कच्या शेवटी आपली एक एमबीची प्रत ठेवायचं आणि त्यावर एचपीए लावायचं. फरक बरोबर २११३ असेल तर आधी बायोसमध्ये जाऊन 'बॅकअप बायोस इमेज टू एचडीडी' किंवा तशी नोंद बंद करा. नाहीतर तुम्ही काढलेली एचपीए पुढच्या बूटला पुन्हा हजर. याच कुळातला एक कुप्रसिद्ध बिघाड म्हणजे १ टीबीची डिस्क अचानक ३३ एमबी दाखवते. डिस्क मेलेली नसते, हद्द चुकीच्या जागी बसलेली असते. डेटा आत शाबूत असतो आणि खालच्या पायऱ्यांनी परत मिळतो. मात्र त्या अवस्थेत विंडोजने 'डिस्क इनिशियलाइज करू का' विचारलं तर नाही म्हणायचं.

कायमची काढायची पद्धत

१. महत्त्वाच्या डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. हद्द वाढवताना आधीचा डेटा पुसला जात नाही, पण आकडा टाइप करताना एक अंक गळला तर काय, याचा विचार करा.

२. पार्टिशन माउंट नाहीत ना, रेड थांबवलेलं आहे ना, ते बघा. ज्या डिस्कवरून मशिन चालू आहे तिच्यावर हे काम करू नका.

३. मूळ आकडा 'पी' लावून द्या. 'पी' म्हणजे कायमचा (एन इथेही कॅपिटल, पी लहान):

सुडो एचडीपार्म -एन पी९७६७७३१६८ /डेव्ह/एसडीबी

पी आणि आकडा यांच्यात जागा सोडायची नाही. आकडा स्वतः मोजून टाकू नका, तपासणीच्या दुसऱ्या पायरीत डिस्कने दिलेला मूळ आकडाच जसाच्या तसा उतरवा. चुकून आकार कमी करायला गेलात तर एचडीपार्म अडवतो आणि 'येस-आय-नो-व्हॉट-आय-ॲम-डूइंग' हा लांबलचक पर्याय मागतो. वाढवताना तो मागितला गेला तर आकड्यात चूक आहे असं समजून थांबा.

४. मशिन पूर्ण बंद करा. रीस्टार्ट चालत नाही, कारण त्यात डिस्कची वीज जातेच असं नाही. बंद करून काही सेकंद थांबा, मग सुरू करा.

५. 'एचडीपार्म -एन' (एन कॅपिटल) पुन्हा चालवा. दोन्ही आकडे सारखे दिसले की काम झालं.

तिसऱ्या पायरीत चूक आली तर बहुधा दोनपैकी एक कारण. पहिलं, एका वेळच्या विजेत कायमचा बदल डिस्क एकदाच मान्य करते. आधीचा प्रयत्न अर्धवट गेला असेल तर मशिन बंद-चालू करून मगच दुसरा करायचा. एकामागून एक पाच वेळा तीच कमांड मारून काही होत नाही. दुसरं, बायोसने सुरू होतानाच डिस्क गोठवलेली असते. त्याला उपाय म्हणजे साटा कंट्रोलर एएचसीआय मोडवर ठेवून, लिनक्स वर आल्यानंतर डिस्कची वायर लावणे, म्हणजे बायोसला ती दिसतच नाही. हे फक्त साटा डिस्कवर. जुन्या रुंद पट्टीच्या आयडीई डिस्कला चालू मशिनमध्ये हात लावायचा नाही, पोर्ट जळतो. वायर काढायची सोय नसेल तर मशिन स्लीपमध्ये टाकून उठवा. बऱ्याच मशिनवर उठताना बायोस पुन्हा गोठवत नाही.

हद्द वाढल्यावर जीपीटीची राखीव प्रत जुन्या शेवटालाच राहते आणि साधनं कुरकुर करतात. 'सुडो एसजीडिस्क -ई /डेव्ह/एसडीबी' ती नव्या शेवटाला नेऊन ठेवते. मात्र एचपीए नंतर लागली असेल आणि पार्टिशन आधीपासूनच पूर्ण डिस्कभर असेल तर प्रत जागच्या जागी सापडते, काहीच करावं लागत नाही.

डीसीओ काढायचा असेल तर

क्रम मोडायचा नाही: आधी एचपीए काढा, मशिन बंद-चालू करा, मग डीसीओ. एचपीए जागेवर असताना डिस्क डीसीओची कमांड सरळ नाकारते.

सुडो एचडीपार्म --येस-आय-नो-व्हॉट-आय-ॲम-डूइंग --डीसीओ-रिस्टोअर /डेव्ह/एसडीबी

यानंतरही वीज तोडून चालू करायचं. डीसीओने बंद ठेवलेल्या बाकीच्या सुविधाही यामुळे परत चालू होतात. सगळं नीट चालत असलेल्या डिस्कवर चार जीबीच्या मोहाने हे करू नये असं आमचं मत. जुनी डिस्क पुसायची असेल किंवा तपासायची असेल, तेव्हाच याची खरी गरज.

रेड आणि होम सर्व्हर: नुकसान टाळायची जागा

लिनक्सवर रेड बांधणाऱ्या एमडीॲडएमच्या ०.९० आणि १.० या प्रकारांचा सुपरब्लॉक डिस्कच्या शेवटाजवळ असतो, हल्ली आपोआप मिळणाऱ्या १.२ चा सुरुवातीपासून ४ केबीवर. म्हणजे एक एमबीची एचपीए लागली तर ०.९० आणि १.० चं ओळखपत्रच झाकलं जातं. १.२ चं ओळखपत्र वाचतं, पण डिस्क नोंदलेल्या आकारापेक्षा लहान निघते आणि रेडमध्ये घेतली जात नाही. दोन्हीचं दृश्य फळ एकच: मदरबोर्ड बदलला, आणि सकाळी रेड 'डिग्रेडेड'. डिस्क खराब झाली असं समजून लोक ती फेकून नवी आणतात, ती पहिल्या पोर्टला लावतात, आणि बायोस तिच्यावरही एचपीए चढवतं.

तोडगा स्वस्त आहे. अख्खी डिस्क रेडला देऊ नका. एकच पार्टिशन करा, २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करून शेवटी १०० एमबी मोकळे सोडा, आणि ते पार्टिशन रेडला द्या. बदलीची डिस्क दुसऱ्या कंपनीची, थोडी लहान आली तरी हीच मोकळी जागा कामी येते. झेडएफएस या फाइल सिस्टीमला लिनक्सवर अख्खी डिस्क दिली तर ते स्वतःहून शेवटी ८ एमबीचं नववं पार्टिशन ठेवतं, एक एमबीचा कट त्यात जिरतो.

बायोस-रेड वापरत असाल तर इग्नोर_एचपीए शून्यावरच राहू द्या. सध्याची किंमत बघायला:

कॅट /सिस/मॉड्यूल/लिबाटा/पॅरामीटर्स/इग्नोर_एचपीए

एसएसडीचं आयुष्य वाढावं म्हणून मुद्दाम एचपीए लावून थोडी जागा झाकायचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. चालतं ते, पण ट्रिम केलेली (कुठली जागा रिकामी ते कळवलेली) एसएसडी असेल तर तेवढी जागा पार्टिशन न करता सोडून दिली तरी फायदा तोच. मग उद्या कोणाला तरी कोड्यात टाकणारी हद्द कशाला घालून ठेवायची?

विकण्याआधी पुसताना

'श्रेड' किंवा 'डीडी'ने शून्यं भरली तर ती दिसणाऱ्या हद्दीपर्यंतच जातात. झाकलेल्या भागातला जुना डेटा तसाच राहतो. म्हणून आधी एचपीए, मग डीसीओ काढून, ब्लॉकडेव्हचा आकडा सूत्राशी जुळवून, मगच पुसायला बसा.

डिस्कच्या अंगच्या सिक्युरिटी इरेजने पुसणार असाल तर 'एचडीपार्म -आय'च्या (आय कॅपिटल) शेवटच्या भागात 'नॉट फ्रोझन' आहे का बघा. त्याच्या जवळच किती मिनिटं लागतील तेही डिस्क सांगते. मग पासवर्ड लावा आणि तोच देऊन पुसा:

सुडो एचडीपार्म --यूजर-मास्टर यू --सिक्युरिटी-सेट-पास अबक /डेव्ह/एसडीबी

सुडो एचडीपार्म --यूजर-मास्टर यू --सिक्युरिटी-इरेज अबक /डेव्ह/एसडीबी

ही कमांड नेटिव्ह मॅक्सपर्यंत पुसते, म्हणजे एचपीएचा भाग तिच्या आवाक्यात येतो, डीसीओने कापलेला येत नाही. यूएसबी डब्यातून हे करू नका, डबा मधेच वेळ संपल्याचं सांगून हात वर करतो. पुसणं चालू असताना वीज गेली तर डिस्क पासवर्डने कुलूपबंद अवस्थेत उठते. घाबरू नका, तोच पासवर्ड देऊन इरेज पुन्हा चालवा. म्हणून पासवर्ड साधा ठेवा आणि डिस्कवरच्या कागदी पट्टीवर पेनाने लिहून ठेवा, लोडशेडिंगच्या भागात तर नक्कीच.